घारापुरी: पहिल्या बोटीच्या आधी, शेवटच्या बोटीच्या नंतर

सुरतच्या कोसाड, अमरोली, उधना, लिंबायत या भागांतल्या मराठी घरांत मुंबईला पाहुणे म्हणून जाताना एक ठरलेली यादी बरोबर असते. सिद्धिविनायक, राणीची बाग, चौपाटी आणि गेटवेवरून बोटीने एलिफंटा. सुरतहून रात्रीची गाडी धरायची, सकाळची बोट गाठायची, लेणी बघायची, काकडी-कैरी खायची आणि संध्याकाळी परत. या हिशेबात ते बेट आपल्याला चार-पाच तास भेटतं. बाकीच्या वेळात तिथे काय चालतं, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

एलिफंटा हे पाहुण्यांचं नाव. गावाचं नाव घारापुरी, तालुका उरण, जिल्हा रायगड. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या, वस्ती हजार-बाराशेच्या आसपास, बहुतेक आगरी-कोळी. शेती थोडी, मासेमारी कमी होत चाललेली आणि पोट मुख्यतः पर्यटकावर. समुद्राने वेढलेल्या एवढ्याशा जागेत पाणी, जमीन, मासळी, झाडं आणि स्वच्छता हे सगळं रोजच्या रोज सांभाळल्याशिवाय दिवस पुढे सरकत नाही. हंगामातल्या एखाद्या रविवारी हे कसं चालतं, ते तासातासाने पाहू.

पहाटे 5

घरातली पहिली हालचाल पाण्यासाठी होते. बेटावर नदी नाही आणि समोर दिसणाऱ्या मुंबईची जलवाहिनी इथवर येत नाही. पावसाळ्यात जे पडेल ते बंधाऱ्यात साठतं, विहिरीत उतरतं आणि तेच पुढच्या पावसापर्यंत पुरवायचं. दिवाळीच्या सुमाराला पाण्याबद्दल कोणी बोलत नाही. होळीनंतर हंडे-कळश्या मोजल्या जातात. मे महिन्यात पाणी कधी येणार, हा सकाळचा पहिला विषय असतो.

इथे पाऊस कमी नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. एका चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. या हिशेबाने पन्नास चौरस मीटरच्या घरावर एका पावसाळ्यात लाखभर लिटर पाणी पडतं. गळती आणि सांडलेलं वजा केलं तरी बरंच उरतं. अडचण आहे ती साठवणुकीची. पन्हळ लावता येते, पण लाखभर लिटरची टाकी बांधायला जागा लागते, पैसा लागतो आणि परवानगी लागते. परवानगीची गोष्ट दुपारी येईल.

कोसाडमध्ये आपण नळ सोडतो तेव्हा तापीचं पाणी येतं आणि ते कुठून आलं याचा विचार महापालिका करते. घारापुरीत हा विचार प्रत्येक घराला स्वतः करावा लागतो. सांडपाणी अळूला, भांड्यांचं पाणी अंगणाला. याला कोणी पर्यावरण म्हणत नाही, घरकाम म्हणतात.

सकाळी 7

धक्क्यापासून लेण्यांकडे जाणाऱ्या सव्वाशेएक पायऱ्यांवर झाडू फिरतो. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत: दगडी मूर्ती, शिंपल्यांच्या माळा, टोप्या, सरबत, उकडलेली कणसं. ज्याचं दुकान, त्याच्यासमोरची पायरी त्याची. कालची पाकिटं, बाटल्या, कणसाचे बुरखुंडे गोळा होतात.

शहरातला कचरा घंटागाडीत पडला की आपल्यापुरता संपतो. बेटाला गावाबाहेर नावाची जागा नसते. इथे आलेली प्रत्येक बाटली बोटीने आली आणि तिला बोटीनेच परत जावं लागतं. नाही गेली, तर ती जळते, पुरली जाते किंवा भरतीबरोबर तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, मुळांत जाऊन बसते. महाराष्ट्राने 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी आणली, त्याने दुकानांत फरक पडला. पण पाहुण्याच्या पिशवीत काय आहे, हे दुकानदाराच्या हातात नाही. वेफर्सचं पाकीट तो दादरहून आणतो आणि रिकामं करतो इथे.

याच वेळेला सामान उतरतं. दूध, भाजी, बर्फ, गॅसचे सिलिंडर. मुंबईहून नाहीतर पलीकडच्या न्हावा-उरणकडून आलेली प्रत्येक गोष्ट बोटभाडं आणि हमाली घेऊन धक्क्यावर चढते. म्हणून इथल्या चहाला चार रुपये जास्त पडले की वाद घालू नये.

सकाळी 10

गेटवेहून सुटलेली पहिली बोट तासाभरात धक्क्याला लागते. बेट गेटवेपासून दहा-अकरा किलोमीटरवर. बोटी खासगी मालकांच्या, पण फेऱ्या आणि तिकीट सहकारी संस्थेमार्फत, त्यामुळे नंबर लागतो तशी बोट सुटते आणि प्रवासी पळवापळवी होत नाही. सामायिक धंदा सामायिक नियमाने चालवायचा, हे या खाडीतल्या लोकांना कोणी शिकवावं लागलेलं नाही.

डिसेंबर 2024 मध्ये गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा माणसं गेली. त्यानंतर प्रत्येक प्रवाशाला जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती झाली. पाहुण्यांना ते उन्हात नकोसं वाटतं. बोट चालवणारा तांडेल मात्र आता ऐकून घेत नाही. एका दुपारच्या अपघाताने बेटावरच्या शेकडो चुली थंडावू शकतात, हे त्याला ठाऊक आहे.

धक्का लांबलचक आणि अरुंद. त्यावर मुलांसाठी छोटी आगगाडी. धक्का संपला की ग्रामपंचायतीचा माणूस पावतीपुस्तक घेऊन बसलेला असतो. माणशी थोडे रुपये प्रवासी कर. अनेकांना ही वसुली वाटते. तिकीट तर काढलंय, आता हे कसलं? पण पर्यटकाने खर्च केलेल्या पैशातला हाच तेवढा हिस्सा थेट गावाच्या खात्यात जातो. रस्त्याची झाडलोट, पाण्याची मोटर, दिवे या सगळ्याला हातभार त्यातून लागतो.

सकाळी 11.30

पायऱ्यांवर गर्दी. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी पालखी आहे: खुर्चीला दोन बांबू आणि चार खांदे. वजनाप्रमाणे भाव ठरतो आणि हास्यविनोदही त्यावरूनच होतो.

सुरतेकडच्या कुटुंबातली एखादी आजी अर्ध्या वाटेत सरबताच्या दुकानाशी टेकते. दुकानवाली मराठी ऐकून खूश होते. अशा वेळी होणारं बोलणं साधारण असं असतं:

“मावशी, तुमाले पानी कुठून येतं?” खानदेशी आजीचा सरळ प्रश्न.

“वरून,” दुकानवाली आभाळाकडे बोट दाखवते. “आनि नाय आलं तर बोटीनं.”

“मग सरबत कशाचं?”

“त्याच पान्याचं. म्हनून गिलास भरून घेतलास तर संपवायचा, आजी.”

दुकानवालीचा दिवस या गिलासांवर चालतो. पण पाहुणा वाढला की धंदा वाढतो आणि त्याच पाहुण्याबरोबर पाण्याची ओढही वाढते. हात धुणं, संडास, भांडी, स्वयंपाक. गावाच्या टाकीत भागीदार वाढतो, पाऊस तेवढाच राहतो. पर्यटनावर जगणाऱ्या जवळजवळ प्रत्येक छोट्या बेटाची ही अडचण आहे. गर्दीचा हंगाम कोरड्याच महिन्यांत येतो, कारण पाऊस असला की पाहुणा येत नाही.

दुपारी 1

लेणी. सहाव्या शतकाच्या मध्यात कोरलेली, 1987 पासून जागतिक वारसा यादीत असलेली. तीन मुखांच्या सदाशिवासमोर माणसं गप्प होतात, मग फोटो काढतात.

मूर्तीवरून नजर निघाली की आवारातली खोदीव पाण्याची टाकीही बघावी. कातळ फोडणाऱ्या त्या कारागिरांनाही पाणी लागतच होतं. त्यांनी ते डोंगरावर पडणाऱ्या पावसातूनच साठवलं. दीड हजार वर्षांपूर्वी या बेटाला जे उत्तर सापडलं, तेच आजही आहे.

लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात. भारतीय पाहुण्याला 40 रुपये तिकीट, ते केंद्र सरकारकडे जमा होतं. 2010 साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर निर्बंध आहेत. त्याशिवाय किनाऱ्याला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम आहेत. वारसा जपायला हे हवंच, नाहीतर सदाशिवाच्या डोक्यावर चार मजली हॉटेल उभं राहिलं असतं. पण एवढ्याशा बेटावर या रेषा आखल्या की गावकऱ्याच्या घराची डागडुजी, नवी टाकी, संडास, मुलाची वेगळी खोली, सगळ्याला कागद लागतो. आणि कागद दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर असतो.

बेटाची वाटणी मोजून बघा. लेणी पुरातत्त्व खात्याची. जलवाहतुकीचे परवाने महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचे. आजूबाजूचं पाणी बंदराचं, त्यात न्हावा-शेव्याला जाणारी मोठी जहाजं. पर्यटनाची जाहिरात पर्यटन महामंडळाची. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तोसुद्धा आता भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. गावाकडे राहिला झाडू आणि पावतीपुस्तक.

बाहेर माकडं टपून बसलेली. हातातली बाटली ओढतात, झाकण उघडून पितात. पाहुणे हसतात आणि मुद्दाम बिस्किटं देतात. माकडांना अशी सवय लागली की त्याचा त्रास पाहुणे गेल्यावर गावाच्या कौलांना आणि परसातल्या भाजीला होतो.

दुपारी 3.30

पाहुण्यांच्या वाटेपासून दूर, बेटाच्या दुसऱ्या अंगाला ओहोटी लागलेली आहे. चिखल उघडा पडला की बायका टोपली घेऊन उतरतात. तिसऱ्या, कालवं, एखादी चिंबोरी. बाजारात नेण्याइतकं मिळालं तर ठीक, नाहीतर रात्रीचं कालवण तरी सुटलं.

ही मिळकत तिवरांवर उभी आहे. मुळांच्या जाळ्यात मासळीची पिल्लं वाढतात, लाटांचा मार तिथे मोडतो, किनारा धरून राहतो. 7 ऑगस्ट 2010 रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. शेकडो टन तेल समुद्रात गेलं आणि त्याचा काळा थर या बेटाच्या तिवरांपर्यंत आला. टक्कर गावापासून दूर झाली, तरी मासळी विकत घ्यायला लोक घाबरले. बेटावरच्या माणसाने सगळं नीट सांभाळलं, तरी त्याचं नशीब बाहेरच्यांच्या निष्काळजीपणाला बांधलेलंच असतं.

सांभाळण्याची शिस्त मात्र कोळ्यांकडे कायद्याच्या आधीपासून आहे. पावसाळ्यात दर्यात जायचं नाही, नारळी पौर्णिमेला नारळ वाहायचा आणि मगच होड्या लोटायच्या. आज सरकार 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारी बंदी घालतं. ती मासळीच्या विणीचा काळ राखते आणि जुन्या रिवाजाशी जुळते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक महिलेला 2009 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते नेमकं यासाठी. जगभरची कुरणं, पाटपाणी आणि मासेमारीचे किनारे अभ्यासून तिने दाखवलं, की वापरणारे लोकच नियम ठरवतात, एकमेकांवर नजर ठेवतात आणि मोडणाऱ्याला दंड करतात, तिथे सामायिक साधन टिकू शकतं. मात्र एक अट तिने ठळकपणे सांगितली: त्या नियमांना सरकारने मान द्यायला हवा.

संध्याकाळी 5.30

शेवटची बोट. “चला, चला, बोट सुटली” असा पुकारा होतो. पाहुण्यांना बेटावर रात्री मुक्काम करता येत नाही, म्हणून धक्का अर्ध्या तासात रिकामा होतो. दुकानांवर ताडपत्री पडते आणि झाडू पुन्हा बाहेर येतो.

मुक्कामबंदीबद्दल गावात दोन्ही मतं ऐकू येण्याजोगी आहेत. घरगुती निवासाला परवानगी मिळाली तर पैसा थेट घरात येईल, तरुण पोरं मुंबईला जाणार नाहीत. उलट, रात्री राहणारा पाहुणा आंघोळ करणार, संडास वापरणार, उशिरापर्यंत धिंगाणा घालणार. त्याचं पाणी कुठून आणायचं आणि मैला कुठे सोडायचा?

हा प्रश्न वेळेत विचारला नाही तर काय होतं, ते फिलिपिन्समधल्या बोराकाय बेटाने दाखवलं. हॉटेलांचं सांडपाणी थेट समुद्रात जाऊ लागलं. शेवटी सरकारने एप्रिल 2018 पासून सहा महिने सगळं बेटच पर्यटकांना बंद केलं. हजारो कामगारांचा रोजगार त्या सहा महिन्यांत गेला. त्याच देशातल्या अपो या चिमुकल्या बेटावर उलट घडलं. 1982 साली तिथल्या कोळ्यांनी सिलिमन विद्यापीठाच्या मदतीने समुद्राचा एक तुकडा मासेमारीला बंद केला आणि पहारा स्वतः दिला. काही वर्षांत शेजारच्या पाण्यात मासळी वाढली, प्रवाळ बघायला पाणबुडे येऊ लागले आणि त्यांच्याकडून घेतलेलं शुल्क बेटावरच्या कामांना लागलं. दोन्ही बेटं सुंदर, दोन्हीकडे पाहुणे. अपोमध्ये नियम राहणाऱ्यांचा होता, हा फरक.

संध्याकाळी 7

दिवे लागतात. ही घारापुरीत अजून तशी नवी गोष्ट आहे. 22 फेब्रुवारी 2018 पर्यंत इथे संध्याकाळी तीनेक तास डिझेल जनरेटर चालायचा, मग अंधार. समोर मुंबईचा झगमगाट दिसायचा आणि इथे पोरं कंदिलात अभ्यास करायची. महावितरणने समुद्राच्या तळातून सुमारे साडेसात किलोमीटरची केबल टाकली, खर्च पंचवीस कोटींच्या घरात, आणि स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी बेटाला चोवीस तास वीज मिळाली.

विजेने दुकानात फ्रीज आला, मासळी टिकू लागली, बर्फाची बोट चुकली तरी चालू लागलं, पाणी चढवायला मोटर आली. पण पाणी चढवणं सोपं झालं की ते लवकर संपतं, हेही लगेच कळलं. एक साधन आलं की दुसऱ्यावर ताण येतो. शिवडीहून बेटापर्यंत आठ किलोमीटरच्या रोपवेची योजनाही 2018 च्या सुमारास जाहीर झाली होती. तो झाला तर पाहुणे कितीतरी वाढतील. त्या कागदांवर प्रवाशांची संख्या असते. माणशी पाणी किती, कचरा किती, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

रात्री 9

जेवणं उरकली की ओट्यावर बैठक जमते. उद्या सोमवार, लेणी बंद, म्हणून घाई नाही. दुकानाची दुरुस्ती, जाळ्यांची शिवण, घराची कामं, पलीकडे बाजार, सगळं सोमवारवर ढकललेलं असतं. बोलणं मात्र फिरून तिथेच येतं: टाकी, धक्का, कर, परवानगी.

कायद्याने या ओट्याला बरंच दिलेलं आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवायच्या 29 विषयांत पिण्याचं पाणी आहे, मासेमारी आहे, सामायिक मालमत्तेची देखभाल आहे. महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा. हंडा जिच्या कमरेवर, तिचं म्हणणं आधी ऐकायचं, हा त्यामागचा शहाणपणा. पण ग्रामसभा ठराव करते आणि ठराव तालुक्याला जातो, तिथून जिल्ह्याला, तिथून पुरातत्त्व खात्याला किंवा मेरिटाइम बोर्डाला. त्या टेबलांवर गावाचा माणूस बसलेला नसतो.

घारापुरीत लोकसहभाग कमी पडतो असं म्हणण्यात अर्थ नाही. पाणी पुरवणं, पायऱ्या झाडणं, पालख्या वाहणं, बोटी चालवणं, तिवरं राखणं, हा सगळा सहभागच आहे आणि तो पहाटे पाचपासून चालतो. कमी पडतो तो निर्णयातला वाटा. बेट सांभाळणारे बेटावर राहतात आणि बेटाबद्दल ठरवणारे शेवटच्या बोटीने परत जातात. लेण्यांच्या तिकिटातला ठरावीक हिस्सा पाणी आणि कचऱ्यासाठी गावाला मिळावा, रोज किती पाहुणे झेपतील ते ठरवताना गावाचं मत बंधनकारक असावं आणि घरोघरच्या पाऊसटाक्यांना सरळ एका ठिकाणी परवानगी मिळावी, एवढं झालं तरी अर्धी लढाई जिंकल्यासारखी आहे.

आणि आपण, सुरतेहून जाणारे पाहुणे? आपल्याला फार काही करायचं नाही. सोमवार सोडून जा. पाण्याची बाटली घरून भरून न्या आणि रिकामी झाली की तीच परत आणा. बोटीत जाकीट घाला. माकडांना काही देऊ नका. डबा नेण्यापेक्षा एक वेळचं जेवण बेटावरच्या कुणाच्या तरी हातचं जेवा. धक्क्याच्या टोकाला पंचायतीचा माणूस कर मागेल, तेव्हा न कुरकुरता द्या आणि पावती मागून घ्या. पावती झाली तरच ते पैसे गावाच्या हिशेबात येतात.